चार दिवस कमी

२ मे

सूनबाई,

वरती आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहू की नको यात अर्धा तास गेला, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. तुझ्या बहिणीचा पत्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, तुझ्याच अक्षरात. त्यावर पाठवतो आहे.

तू गेलीस त्याला आज सहा दिवस झाले. माझ्या काचबिंदूच्या थेंबांची दुसरी बाटली कुठे ठेवलीस? फ्रिजच्या दारात नाही, देवाच्या फळीवर नाही, औषधांच्या खोक्यात तर मुळीच नाही. पहिली संपत आली. एक दिवस थेंब चुकले तर डोळा जाईल असं तूच मला धमकावायचीस. आता जाईल तर जाईल. बाटलीचं तेवढं कळव.

मी तुला जा म्हटलं नाही. शेजारच्या मास्तरीणबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं. मी फक्त म्हटलं की चार दिवस कमी पडतात. त्यात खोटं काय होतं?

तू मला फसवलंस, सूनबाई. सहा वर्षं तुझ्या हातचं खाल्लं. तुझी सासू गेल्यावर घरात आपण दोघंच, आणि मुलगा लांब बंदरावर क्रेन चालवणारा, वर्षातून तीन आठवडे येणारा. लोकांनी तुझ्याबद्दल, मूल होत नाही म्हणून, काय काय म्हटलं. मी एकदा तरी शब्द काढला का? उलट त्या लांबच्या आत्याबाईंना मीच दारातून परत पाठवलं.

११ एप्रिलला तू दवाखान्यातून आलीस, कागद टेबलावर ठेवलास आणि आंघोळीला गेलीस. मी चोरून बघितला नाही. तो उघडा होता. चौथी शिकलेल्या माणसाला बाकीचं इंग्रजी काय कळणार, पण चौदाचा आकडा आणि आठवड्याचा शब्द कळतो. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोट ठेवून चौदा आठवडे मागे गेलो. बोट थांबलं ३ जानेवारीवर. मुलगा आला १८ फेब्रुवारीला, गेला १० मार्चला. ३ जानेवारीला तो समुद्रापलीकडे होता.

त्या तारखेवर तुझी लाल फुली होती. सिलिंडर बदलला की तू फुली मारतेस हे मला माहीत आहे. म्हणजे त्या दिवशी सिलिंडरवाला घरात आला होता. मी साइटवर नव्या स्लॅबला पाणी मारायला गेलेला असणार. पुढचं मी लिहीत नाही. तो माणूस आता आला की मी त्याला सिलिंडर दारातच ठेवायला सांगतो आणि त्याच्या दंडांकडे बघत राहतो.

मग २५ तारखेला तू सोनोग्राफी करून आलीस. कागद माझ्या थेंबांच्या बाटलीखाली ठेवलास आणि म्हणालीस, “बाबा, वाचा. दहाच आठवडे निघाले.” मी पुन्हा मोजलं. दहा आठवडे मागे म्हणजे १४ फेब्रुवारी. मला तर मनापासून वाटत होतं की जमावं. पण मुलगा आला १८ ला. मी काय करू? चार दिवस कमीच पडले.

तू माझ्याकडे असं बघितलंस जसा मी मीटर वाचायला आलेला कोणी माणूस आहे. सकाळी तुझी बॅग दारात होती.

मुलाला कोणी कळवलं ते मला विचारू नकोस.

बाटलीचं कळव.

बाबा


२९ मे

सूनबाई,

उत्तर नाही. बरं.

बाटली मी नवी आणली. दुकानदार म्हणाला, “आजोबा, आज सूनबाई नाही आल्या?” मी म्हटलं बहिणीकडे गेलीय. तो म्हणाला, वा, वा. आता यात वा-वा करण्यासारखं काय होतं?

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लपवली. ती पोटात राहत नाही. मुलाला मीच कळवलं. १३ एप्रिलला फोन केला. मला वाटलं होतं तो ओरडेल, रडेल, निदान मला तरी शिव्या घालेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही हे सगळं नीट लिहून पाठवा. तारखांसकट. तुमच्यासारखं मोजणारं दुसरं कोणी नाही.”

पोरी, त्याने आयुष्यात मला कधी काही विचारलं नव्हतं. दहावी झाल्यावर कुठे जावं, विचारलं नाही. क्रेन शिकू का, विचारलं नाही. आणि आता म्हणतो तुमच्यासारखं मोजणारं कोणी नाही. मी रेघांचा कागद आणला. पट्टी घेऊन तारखांखाली रेघा मारल्या. शेवटी सही केली. इतकं चांगलं अक्षर मी लग्नाच्या यादीलाही काढलं नव्हतं.

परवा त्याचा वकील घरी आला. तरुण आहे, बूट न काढता आत येतो. त्याच्या फाइलीत ते माझं पत्र होतं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. सोबत टाइप केलेला एक कागद. त्यावर मी सही केली. तुला त्याची घटस्फोटाची नोटीस येईल. घाबरू नकोस, असं लिहिणार होतो, पण नोटीस पाठवणाऱ्यांनीच असं लिहायचं म्हणजे काय!

तू म्हणशील चार दिवसांसाठी एवढं? तुला मी कधी सांगितलं नाही. मी सत्तावीस वर्षांचा असताना एका दुमजली घराचं सेंटरिंग, फळ्या-टेकू लावायचं काम, माझ्याकडे होतं. सज्जा भरला, मी नेहमीसारखी कोळशाने तुळईवर तारीख लिहिली. मालकाला घाई होती, फळ्या दुसरीकडे हव्या होत्या. म्हणाला, चार दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? मी टेकू चार दिवस आधी काढले. सज्जा खाली आला. खाली एक मजूर वाळू चाळत होता. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. तेव्हापासून मी दिवसांशी खेळत नाही. आपल्या घराचा स्लॅब मीच भरला आणि त्याची तारीख स्वयंपाकघरातल्या तुळईवर अजून आहे. तू झाडताना ती पुसू नये म्हणून हात आखडता घेतेस ते मी बघितलंय.

लंबूला मात्र माझं पटत नाही. चाळीस वर्षं त्याने सळया बांधल्या आणि मी फळ्या ठोकल्या, तरी मेला माझ्या बाजूने कधी बोलायचा नाही. काल चहा पिताना म्हणाला, “स्लॅबचं वय तुला कळतं रे. पोराचं वय बाईला विचारावं लागतं. तुझ्या पोटात जेवणाशिवाय कधी काही भरलंय का?”

मी म्हटलं, आकडा तो आकडा.

तो म्हणाला, “मग आकड्याशीच बोलत बस संध्याकाळभर. मी चाललो.”

बाबा


१४ जुलै

सूनबाई,

आज मी तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. रागावू नकोस, आधी वाच.

लंबूचं बोलणं डोक्यातून जाईना. तुझे दोन्ही कागद घरातच राहिले होते. ते घेऊन गेलो. बाकावर अकरा बाया आणि मधे मी. खिडकीतल्या मुलीने मान वर न करता विचारलं, “कितवा महिना?” मी म्हटलं, एकाहत्तरावं वर्ष. सगळा बाक हसला. एकीने सरकून जागा दिली, म्हणाली, “बसा आजोबा, आमच्यात तुम्हीच सीनियर.” दोन तास बसलो. लाजेने घाम फुटला होता. पण घाम फुटला म्हणून उठायचं असतं तर मी आयुष्यभर सेंटरिंग केलं नसतं.

बाई म्हणाल्या, “तुमच्या सुनेबद्दल मी एक अक्षरही बोलणार नाही. ती सांगेल तेव्हाच.”

मी म्हटलं, “मग मला नुसतं मोजायला शिकवा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग बराच वेळ बोलल्या. तुला हे सगळं माहीत असणार. तरी मला समजलं तसं लिहितो, म्हणजे मी नीट समजलो की नाही ते तुला कळेल. सासऱ्याने सुनेला असलं लिहू नये. पण न लिहिल्यानेच हे झालं.

गर्भ कुठल्या दिवशी राहिला ते बाईला कळत नाही, डॉक्टरलाही कळत नाही. हाताशी एकच तारीख असते, शेवटच्या पाळीची. म्हणून आठवडे तिथून धरतात. जिची पाळी महिन्याच्या महिन्याला येते तिला गर्भ साधारण दोन आठवड्यांनी राहतो. म्हणजे कागदावर दहा असतील तर पोटात आठच असतात.

मी विचारलं, “आणि जिची दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येते?”

“तिचं बीज कधी सुटेल याचा नेम नसतो. पाळीनंतर आठ आठवड्यांनीही सुटू शकतं. अशा बायकांना लोक सांगतात की तुला मूल होणारच नाही. तसं नसतं. संधी वर्षातून कमी वेळा येते, इतकंच. आणि कुठल्या दिवशी येईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून तिच्या बाबतीत तारखेचा हिशोब धरायचा नाही, सोनोग्राफीचा धरायचा. मात्र त्यातही ते दोन आठवडे आधीच मिळवलेले असतात.”

मी म्हटलं, “बाई, आमच्या कामात काँक्रीटची भरणी झाली त्या दिवसापासून वय धरतात. फळ्या ठोकल्या त्या दिवसापासून नाही.”

त्या हसल्या. “आमच्या कामात फळ्या ठोकल्यापासूनच धरतात, आजोबा. कारण भरणी कोणी बघितलेली नसते.”

मग मी पहिला कागद पुढे केला आणि म्हटलं, यातलं चौदाच्या खाली काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा, कागद माझ्या घरातला आहे. त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, “हा तिचा कागद आहे. मी वाचणार नाही. बाहेर कोणाकडूनही वाचून घ्या.”

बाहेर त्या सीनियर म्हणणाऱ्या मुलीने वाचलं. “पाळी अनियमित. आठवडे नक्की नाहीत. सोनोग्राफीने खात्री करावी.”

मी आकडा वाचला होता. अक्षरं सोडून दिली होती.

१४ फेब्रुवारीत दोन आठवडे मिळवले की २८ फेब्रुवारी येते. २८ फेब्रुवारीला मुलगा या घरात होता. माझ्यासमोर बसून जेवत होता. तू वाढत होतीस.

पुढे लिहवत नाही.

बाबा


१५ जुलै

पोरी,

कालचं पत्र पेटीत टाकून आलो आणि वाटलं, एकदा कॅलेंडरवर बघून खात्री करावी. माझी सवय तुला माहीत आहे. भिंग घेतलं, कॅलेंडर खिळ्यावरून काढून खिडकीत नेलं. त्याच्यामागे गेल्या वर्षीचं होतं. तू जुनं काढत नाहीस, नवं त्याच्यावरच लावतेस.

गेल्या वर्षीच्या फुल्या बघितल्या. २ जून. २४ ऑगस्ट. २४ ऑक्टोबर. मग यंदाची ३ जानेवारी. त्यानंतर एकही नाही.

आणि सिलिंडर तर मार्चमध्ये आला होता. मीच दार उघडलं होतं.

मला एकदम आठवलं. ऑगस्टमध्ये मी कॅलेंडरकडे बघून तुला म्हणालो होतो, “या खेपेला सिलिंडर जवळजवळ तीन महिने पुरला गं. काटकसरी आहेस हो.” तू तोंडावर हात धरून आत पळालीस आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं कौतुकाने लाजलीस.

अरे देवा. त्या बिचाऱ्या सिलिंडरवाल्याच्या दंडांकडे मी तीन महिने बघतोय.

पण पत्र यासाठी लिहीत नाही. ३ जानेवारीच्या फुलीशेजारी पेन्सिलीने बारीक आकडा आहे. एकाहत्तर. मागच्या कॅलेंडरवर २४ ऑक्टोबरशेजारी एकसष्ट, २४ ऑगस्टशेजारी त्र्याऐंशी. मी मोजून बघितलं. दोन फुल्यांमधले दिवस आहेत ते. एकही चुकलेला नाही.

ते अक्षर तुझं नाही. एकाहत्तरातल्या सातच्या पोटात आडवी रेघ आहे. साइटवर एक आणि सात यांची गल्लत होते म्हणून मी अशी रेघ मारतो, आणि ती मी एकाच माणसाला शिकवली. तो सहा वर्षांचा होता. स्लॅबवर माझ्यासोबत कोळशाने आकडे काढायचा.

डॉक्टरीणबाई निघताना म्हणाल्या होत्या, “अशा जोडप्याला मी दोघांना समोर बसवूनच सांगते. एकट्या बाईला कधीच सांगत नाही.” कोणत्या जोडप्याला ते त्या बोलल्या नाहीत. पण मी काही अगदीच दगड नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं. फेब्रुवारीत आल्यावर त्याने स्वतः फुल्यांमधले दिवस मोजले. शेवटची पाळी ३ जानेवारीची हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. एप्रिलमध्ये मी फोनवर चौदा आठवडे म्हणालो तेव्हा चौदा कुठून आले ते त्याला कळलं होतं. तो गप्प राहिला तो धक्क्याने नाही. विचार करत होता.

आणि मग म्हणाला, तुमच्यासारखं मोजणारं कोणी नाही.

बाबा


३ सप्टेंबर

पोरी,

दीड महिना लिहिलं नाही, कारण आधी त्याच्याशी बोलायचं होतं आणि तो फोन उचलत नव्हता. मधे त्याच्याच बंदरावर काम करणारा एक वेल्डर सुट्टीवर आला. त्याला मी घरी बोलावून दोन कप चहा पाजला. पहिल्या कपाला तो म्हणाला सगळं ठीक आहे. दुसऱ्या कपाला म्हणाला, “काका, तुम्हाला खरंच माहीत नाही?” तिथे त्याचं दुसरं बिऱ्हाड आहे. दोन वर्षं झाली. ती बाई बंदराच्या कँटीनमध्ये काम करते.

म्हणजे फेब्रुवारीत तो इथे येऊन तुझ्या फुल्या मोजत होता तेव्हाही ते बिऱ्हाड होतंच. कशाला मोजत होता मग? मला वाटतं, तेव्हा त्याला अजून ठरवता येत नव्हतं. बापाचं मन आहे, काहीतरी बरं शोधतंच. मग मी फोन केला आणि त्याचं काम सोपं करून दिलं. त्याला तुला सोडायला कारण हवं होतं. मी ते तारखांसकट, पट्टीने रेघा मारून पाठवलं.

परवा त्याने फोन उचलला. बोलणं जसं झालं तसं लिहितो.

मी म्हटलं, “ते एकाहत्तर तू लिहिलंस का?”

“कुठले एकाहत्तर?”

“तीन जानेवारीच्या शेजारचे.”

त्याने तिकडे कोणाला तरी यंत्र बंद करायला सांगितलं. मग म्हणाला, “बाबा, तुम्ही थेंब घालताय ना वेळेवर?”

“थेंबांचं राहू दे.”

“मोजलंत तुम्ही. लिहिलंत तुम्ही. सही तुमची. मी कुठे काय म्हटलं?”

“मला अडाणी समजून लिहून घेतलंस.”

“समजून कशाला?” तो म्हणाला. मग त्याला बहुतेक वाईट वाटलं, आवाज खाली आला. “बाबा, मला तिकडे राहायचंय. तुम्ही मधे पडू नका. घर माझ्या नावावर आहे, तेवढं लक्षात ठेवा.”

घर त्याच्या नावावर मीच केलं होतं, त्याला बँकेचं काम सोपं जावं म्हणून. स्लॅब मी भरला, तुळईवर तारीख माझी, आणि आता त्याच स्लॅबखाली मी पाहुणा.

वकिलाकडे गेलो. म्हटलं, माझी सही परत द्या. तो म्हणाला, “काका, सही म्हणजे काय उसना दिलेला पाना आहे का? आता फिरलात तर शपथेवर खोटं बोललात म्हणून तुमच्यावरच येईल.” मी विचारलं, रक्ताची तपासणी केली तर खरं कळेल ना? म्हणाला, “कळेल की. पण त्यासाठी त्याने इथे यायला हवं. तो येत नाही. तोवर तुमचा कागद आहे.”

मला भीती वाटते. खोटं कशाला सांगू. मी पोलीस चौकीची पायरीही चढलेलो नाही. रोज सकाळी ठरवतो की कोर्टात जाऊन बोलायचं, आणि चहा पिऊन झाला की घातलेल्या चपला परत काढून ठेवतो. या वयात कुठे राहू? लंबूच्या घरात लंबूच मावत नाही.

लहानपणी तो खोटं बोलला की मी त्याला समोर बसवून डोळ्यांत बघायला सांगायचो. तो बघायचाही. अगदी सरळ बघायचा. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुझी तब्येत कशी आहे? पायांवर सूज असेल तर उशी घेऊन पाय वर ठेव. हे त्या बाकावरच्या मुलीने सांगितलं.

बाबा


११ ऑक्टोबर

पोरी,

तुझ्या पहिल्या कागदावर बाळंतपणाची तारीख १० ऑक्टोबर होती. वकील ती तोंडपाठ म्हणतो. त्या तारखेला मूल झालं असतं तर माझी सही खरी ठरली असती. काल सकाळपासून मी फोनशेजारी बसून होतो. मूल होऊ नये म्हणून कोणी असा जीव मुठीत धरून बसलेलं मी पाहिलेलं नाही. दुपारी राहवलं नाही, तुझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

ती म्हणाली, “नाही झालं. आणि इतक्यात होणारही नाही. मोजत बसा.”

मी विचारलं, “माझी पत्रं तिला मिळतात का?”

“येतात. ती उघडत नाही. मी वाचते.”

“तू का वाचतेस?”

“ती विसरून जाईल म्हणून. तिचा स्वभाव तसा आहे. कोणीतरी राग सांभाळायला नको का?”

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. ती म्हणाली, “काका, पत्रात तुम्ही फार छान पश्चात्ताप करता. कोर्टात तुमचं पत्र वाचत नाहीत. तुमची ती सही वाचतात.” आणि फोन ठेवला.

तेव्हा ही चिठ्ठी तिच्यासाठीही आहे. तिनेच उघडली असेल तर वाच, थोरली. तू बोललीस ते लागलं. आज सकाळी मी रेघांचा कागद घेतला. पट्टी घेतली नाही. मी काय बघितलं, काय मोजलं, काय वाचायचं सोडलं, एकाहत्तर कोणी लिहिले, सगळं लिहिलं. दोन्ही कॅलेंडरं गुंडाळून पाकिटात घातली. ती तुमच्या वकिलाला दाखवून काय उपयोग होतो ते बघा. तारीख लागली की मला कळवा. मी येईन आणि बोलेन.

घराचं जे होईल ते होईल. लंबू म्हणाला, “माझ्याकडे ये. मी उभा झोपेन.”

खिळा रिकामा आहे. आज कुठला वार ते मला शेजारी विचारावं लागतं.

बाबा


६ डिसेंबर

पोरी,

पाकीट मिळालं. वर अक्षर थोरलीचं होतं. आत कोर्टाची तारीख, ९ डिसेंबर, सकाळी अकरा. आणि दवाखान्याच्या कार्डाची प्रत. बाकी एक ओळ नाही. मी दोन वेळा पाकीट झटकून बघितलं.

मग चष्मा पुसून कार्डाची मागची बाजू बघितली. तुझं अक्षर.

“थेंबांची दुसरी बाटली पिठाच्या डब्यामागे होती. आता मुदत संपली असेल. ती वापरू नका.”

म्हणजे पहिलं पत्र तू उघडलं होतंस. तेच, सगळ्यात वाईट. ज्यात मी तुझ्याबद्दल ते लिहिलं होतं.

पिठाच्या डब्यामागे हात घातला. बाटली होती. मुदत ऑक्टोबरमध्ये संपलेली. फेकली नाही. वापरणारही नाही.

नऊ तारखेला कोर्टात तो वकील मला विचारणार, तुम्हीच मोजलं होतं ना? मी सांगणार, हो, मीच मोजलं, आणि चुकीचं मोजलं. ज्याला बरोबर माहीत होतं त्याने मला दुरुस्त केलं नाही. तो माझा मुलगा आहे. हे शेवटचं वाक्य मी घरात मोठ्याने म्हणून बघतोय. अजून एका दमात येत नाही. तोवर येईल.

कपड्यांची पिशवी भरली आहे. किल्ली मास्तरीणबाईंकडे ठेवून निघेन. निकाल काहीही लागला तरी त्याने सांगायच्या आधी मीच घर सोडलेलं बरं. तुमच्या दारात येणार नाही. कोर्टात लांबच्या बाकावर बसेन. तू बघू नकोस असं वाटलं तर बघू नकोस. पोरीला घेऊन येऊ नकोस, तिथे गर्दी असते, लोक खोकतात.

मुलगी आहे ना? कार्डावर तसंच लिहिलंय. वजन दोन किलो नऊशे. या वेळी मी अक्षरंही वाचली, शेजारी विचारून, सगळी, खालची बारीकसुद्धा.

आणि वरच्या कोपऱ्यात जन्मतारीख होती. ती दिसल्याबरोबर उजव्या हाताची बोटं आपोआप मागे चालायला लागली. ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट. मी हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसून राहिलो, बोटं थांबेपर्यंत.

बाबा